दक्षिण आफ्रिकेत व पार्सिपनीत

कॅनडात चौऱ्याऐंशी साली जो पक्ष निवडून आला त्याचं नाव ‘प्रोग्रेसिव्ह कॉन्झर्व्हेटिव्ह’ आहे हे कळल्यावर न्यू जर्सीतल्या पार्सिपनी गावची मराठी मंडळी पोट धरून हसली होती. पुरोगामी सनातनी! म्हणजे एकादशीला कोंबडी! एकटी पद्मिनी टिपणीस तेवढी हसली नाही. तिचं तसल्याच एका पक्षाशी लग्न होऊन दहा वर्षं झाली होती.

तो पक्ष म्हणजे श्रीरंग टिपणीस. दिवसा एका औषधांच्या कंपनीत पंप आणि व्हॉल्व्ह बघायचा आणि संध्याकाळी जग. उत्तर जर्सीतल्या मराठी स्नेहमंडळाची एक सायक्लोस्टाइल केलेली पत्रिका निघायची, तिच्यात त्याचं ‘उत्तरेचं वारं’ नावाचं सदर होतं. सदराचा मजकूर दर वेळी एकच. अमेरिकेनं काय करू नये, आणि कॅनडा ते कसं करत नाही. निकाराग्वा घ्या, अणुबॉम्ब घ्या, निर्वासित घ्या, वॉशिंग्टनची अक्कल गुडघ्यात आणि ओटावा म्हणजे साक्षात विवेक. बरं, या गृहस्थानं कॅनडा पाहिला कधी? तर एकदा, नायगाऱ्याला. व्हिसाच्या कागदपत्रांचा काही घोळ होता म्हणून पलीकडे जाता आलं नाही, तेव्हा अमेरिकेच्या कठड्याला टेकून, दुर्बिणीत पाव डॉलर टाकून पाहिला. त्या पाव डॉलरवर पठ्ठ्यानं पाच वर्षं लेख लिहिले.

माणूस वाईट नव्हता हो. दारू नाही, पत्ते नाहीत, आवाज चढवणं नाही. निकाराग्वातल्या शेतकऱ्याला जमीन मिळावी म्हणून जीव टाकायचा. फक्त स्वतःचं ताट टेबलावरून सिंकपर्यंत नेणं हे काही त्याच्या परराष्ट्रधोरणात बसत नव्हतं.

शहाऐंशी सालचा उन्हाळा श्रीरंगनं हवेत काढला. दक्षिण आफ्रिकेवर निर्बंध घालायचे की नाही यावरून सगळं जग भांडत होतं. राष्ट्रकुलाच्या लंडनच्या बैठकीत ब्रिटन एकटा पडला आणि कॅनडा बाकीच्यांबरोबर ठाम उभा राहिला. पाठोपाठ न्यूफाउंडलंडच्या समुद्रात दोन होड्यांतून भरकटलेले दीडशे तमीळ निर्वासित तिथल्या कोळ्यांना सापडले आणि कॅनडानं त्यांना आत घेतलं. श्रीरंगच्या आनंदाला पारावार उरला नाही. इकडे वॉशिंग्टनवाले ‘विधायक संवाद’ नावाची गोळी चघळत बसले होते. म्हणजे गोऱ्या सरकारला दुखवायचं नाही, गोडीगुलाबीनं बोलत राहायचं. त्या दोन शब्दांची श्रीरंगनं सदरात अशी काही सालटी काढली की वाचून लोक फोन करायचे. ‘ज्याला काहीच करायचं नसतं तो संवाद करतो,’ हे त्याचं वाक्य मंडळात बरंच गाजलं.

सप्टेंबरात गणपती आले. मंडळाचा गणपती एका शाळेच्या उपाहारगृहात बसायचा. दाराशी अध्यक्ष विनय दामले यांची बायको कांचन कार्डं घेऊन बसली होती. सभासदांना पांढरं कार्ड, पाहुण्यांना पिवळं. ते सेफ्टी पिननं छातीवर लावायचं. पद्मिनी आपलं पांढरं कार्ड लावत होती तेवढ्यात मागून सुचित्रा कोरगावकर आली. हातात मोदकांचे दोन डबे, अंगावर साधी नारायणपेठी, दोन मुली बरोबर.

सुचित्रा म्हणजे पद्मिनीची जिवाभावाची मैत्रीण. पद्मिनीला गाडी तिनं शिकवली, बँकेत खातं उघडायला तिनं नेलं, आणि पहिल्या हिवाळ्यात पद्मिनी खिडकीशी बसून नुसती रडायची तेव्हा रोज येऊन चहा करायची तीही तीच. फेब्रुवारीत सुचित्राचा नवरा संजीव दारातला बर्फ उपसता उपसता छातीत कळ येऊन गेला. त्यानंतर ती पहिल्यांदाच मंडळात येत होती.

‘‘सुचित्रा, राग मानू नकोस हं,’’ कांचन म्हणाली, ‘‘तुला यंदा पिवळं.’’

‘‘का गं?’’

‘‘घटनेत आहे. सभासदत्व कुटुंबाचं असतं ना, आणि ते कुटुंबप्रमुखाच्या नावावर. संजीवभावोजी गेले, तेव्हा ते आपोआप... म्हणजे... तसं कुणाच्या मनात काही नाहीये गं.’’

मंडळाची घटना! ती ज्या चार पुरुषांनी एका दुपारी बिअर पीत लिहिली होती त्यांचे पाय धुऊन तीर्थ घ्यावं. एका कुटुंबाला एक मत. ते द्यायचं कुटुंबप्रमुखानं. प्रमुख म्हणजे पुरुष, तो गेला की सज्ञान मुलगा. मुलगा नसला की कुटुंबच बरखास्त. आणि यातली खरी गंमत अशी की होबोकनच्या कॉलेजात एम. एस. करणारा विष्णू, ज्याला कुकरची शिट्टी कुठल्या बाजूनं बसते हे ठाऊक नव्हतं, तो अविवाहित असल्यामुळे स्वतःच स्वतःचा कुटुंबप्रमुख होता. त्याला पांढरं कार्ड आणि पूर्ण मत. हा विष्णू वर्षभर सुचित्राच्या हातची आमटी खाऊन जगला होता.

सुचित्रानं पिवळं कार्ड टोचून घेतलं. मोदकांचे डबे आत नेऊन दिले. जेवायला सभासदांची पंगत आधी, पाहुण्यांची नंतर. आपल्याकडे उलट असतं, पण असो, अमेरिका आहे. पाहुण्यांची पाळी येईपर्यंत मोदक संपले होते. सुचित्राच्या धाकटीनं विचारलं, ‘‘Aai, didn’t you make them?’’ सुचित्रा म्हणाली, ‘‘हो बाळा, पुढच्या वेळी हं.’’ पद्मिनीच्या पानात एक मोदक होता, तो तिनं पोरीला नेऊन दिला. तिला पुढचं जेवण गेलं नाही.

आणि त्याच गणपतीत वाटलेल्या पत्रिकेत श्रीरंगचा लेख होता. दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या माणसाला आपल्याच देशात फिरताना बाळगावा लागणारा पास उन्हाळ्यात रद्द झाला, त्यावर. मथळा होता, ‘छातीवर टोचलेला अपमान.’

दुसऱ्या दिवशी चहाला पद्मिनीनं पत्रिका त्याच्यापुढे ठेवली. ‘‘अहो, हा तुमचा अपमान काल सुचित्राच्या छातीवर होता. पिवळ्या रंगाचा.’’

‘‘अगं, असं कशालाही काहीही जोडू नये,’’ श्रीरंग समजूत घालत म्हणाला. ‘‘तिथला प्रश्न स्ट्रक्चरल आहे.’’

‘‘आणि इथला?’’

‘‘इथला क्लेरिकल.’’

पद्मिनीनं कप उचलला आणि आत निघून गेली. इंग्रजी विशेषणं आली की वाद संपला, हे ती बारा वर्षांत शिकली होती.

त्या आठवड्यात सुचित्राकडे गेली तर ती मुलींचे हिवाळ्याचे कपडे काढत होती. ‘‘टोरांटोहून भाऊ सारखा फोन करतोय,’’ ती म्हणाली. ‘‘तिकडे ये म्हणतो. लॅबमधली नोकरी तिकडेही मिळेल. डिसेंबरात अपार्टमेंटचं लीज संपतंय.’’

‘‘वेडी आहेस का! मुलींची शाळा इथे, आम्ही सगळे इथे.’’

‘‘म्हणून तर थांबले होते, पद्मिनी. संजीव गेला तरी माणसं आहेत म्हणून. पण त्याच माणसांनी मला पाहुणी म्हणायचं ठरवलं असेल, तर पाहुणी म्हणून भावाकडेच जाते. तिथे निदान मोदक तरी मिळेल.’’ ती हसली आणि मग तिला हसता येईना. या एका बाईखेरीज या देशात आपलं म्हणावं असं तिला कोणी नव्हतं. मंडळात ओळखी पुष्कळ, पण मनातलं बोलायला ही एकच. ती गेली तर काय राहिलं? तिनं सुचित्राला शब्द दिला, की ऑक्टोबरच्या वार्षिक सभेत घटना बदलून घेते. बदलली तर थांबायचं. सुचित्रा म्हणाली, ‘‘बदलली तर थांबते.’’

पद्मिनीनं ठराव लिहिला. मंडळातल्या प्रत्येक सज्ञान माणसाला एक मत असावं, आणि नवरा गेला म्हणून कुणाचं सभासदत्व जाऊ नये. एवढाच. पण ठराव मांडायचा कुणी? तर कुटुंबप्रमुखानं! मग काय, अडला हरी. तिनं श्रीरंगच्या आवडीच्या साटोऱ्या केल्या, दुसरी वाढता वाढता विषय काढला, आणि काय आश्चर्य, श्रीरंग पटकन हो म्हणाला.

‘‘अगदी न्याय्य मागणी आहे. तू काळजी करू नकोस. मी स्वतः टेबल करतो.’’

पद्मिनीचा जीव भांड्यात पडला. नागपूरला तिचे वडील मोठ्यानं पेपर वाचायचे, त्यातून तिला पक्कं माहीत होतं, की ठराव टेबल करायचा म्हणजे सभागृहापुढे ठेवायचा, मग त्यावर चर्चा होते, मग मतदान. तिनं तिसरी साटोरी वाढली आणि लगेच सुचित्राला फोन केला.

वार्षिक सभा ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, त्याच उपाहारगृहात. पुढच्या खुर्च्यांवर कुटुंबप्रमुख, मागे स्वयंपाकघराच्या दाराजवळ बायका, आणि त्यांच्याही मागे, भिंतीशी, पिवळ्या कार्डाची सुचित्रा. पाहुण्यांना बसायची परवानगी होती, बोलायची नव्हती. विनय दामले टेलिफोन कंपनीत मॅनेजर होते, त्यामुळे सभा कशी चालवावी हे त्यांना जन्मतः कळत होतं. गराज सेलमध्ये मिळालेला एक लाकडी हातोडा आणि सभाशास्त्राचं एक जाडजूड अमेरिकन पुस्तक पुढ्यात घेऊन ते बसले.

श्रीरंग उठला. ‘‘अध्यक्षमहाराज, पद्मिनीचा सभासदत्वाबद्दलचा ठराव टेबल करावा, अशी सूचना मी मांडतो.’’

‘‘अनुमोदन?’’

‘‘आहे,’’ पुढून कुणीतरी म्हणालं.

‘‘अनुकूल?’’ भराभर हात वर झाले. मागून बायकांनी टाळ्या वाजवल्या, त्यात पद्मिनीची सगळ्यात मोठी. ‘‘मंजूर. ठराव टेबल झाला. पुढचा विषय, दिवाळीचा नाश्ता.’’

हातोडा आपटला. पद्मिनी वाट पाहत राहिली. चिवड्यावर चर्चा झाली, बासुंदीवर झाली, तिच्या ठरावाचं नाव नाही. शेवटी तिनं पुढे वाकून शेवटच्या रांगेत बसलेल्या विष्णूच्या खांद्याला हात लावला. तो कॉलेजच्या विद्यार्थी सभेवर निवडून गेलेला, त्याला इथल्या पद्धती ठाऊक होत्या.

‘‘काय रे, आमच्या ठरावावर कधी बोलणार?’’

विष्णूचा चेहरा पडला. ‘‘काकू, तो गेला. इथे टेबल करणं म्हणजे बासनात गुंडाळणं. इंडियात मांडणं, इथे एकदम उलटं. मला वाटलं तुम्हाला माहितेय, म्हणून तुम्ही क्लॅप करताय.’’

पद्मिनीच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. आधी तिला वाटलं, बिचारा श्रीरंग, त्यालाही माहीत नसेल. आपल्याच माणसाबद्दल बाईला आधी असंच वाटतं, त्याला इलाज नाही. आणि मग तिला आठवलं. दोन वर्षांपूर्वी ‘उत्तरेचं वारं’मध्ये या महाशयांनी याच शब्दावर अख्खा परिच्छेद लिहिला होता! ‘टेबल या एकाच शब्दानं कॅनडात प्रश्न जन्माला येतो आणि अमेरिकेत मरतो,’ असं काहीतरी. कॅनडाची थोरवी सांगण्यासाठी लिहिला होता. त्याला माहीत होतं. साटोऱ्या खाताना माहीत होतं.

आणि का? तर पुढच्या वर्षी अध्यक्षपदाला त्याचं नाव विनय दामले सुचवणार होते, आणि दामल्यांच्या गोटाला बायकांची मतं नको होती. एवढंच. इतक्या स्वस्तात गेला माणूस.

‘‘आता श्री. श्रीरंग टिपणीस यांचा ठराव,’’ दामले म्हणाले.

श्रीरंगनं चष्मा पुसला, घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. ‘‘दक्षिण आफ्रिकेत ‘एक माणूस, एक मत’ हे तत्त्व तत्काळ अमलात यावं, अशी या मंडळाची ठाम मागणी आहे. त्यासाठी निर्बंधांचा मार्ग धैर्यानं स्वीकारणाऱ्या कॅनडा सरकारचं हे मंडळ अभिनंदन करतं आणि तशी तार ओटावाला पाठवण्याचं ठरवतं.’’ टाळ्या झाल्या. फोटोसाठी कॅमेरेही निघाले.

पद्मिनी उठून उभी राहिली. ‘‘मला उपसूचना द्यायची आहे.’’

‘‘वहिनी, तुम्हाला देता येत नाही,’’ दामले पुस्तकावर हात ठेवून म्हणाले. ‘‘कुटुंबप्रमुख...’’

‘‘मी देतो,’’ विष्णू ताडकन उठला. कान लालबुंद झाले होते. ‘‘मी माझ्या कुटुंबाचा प्रमुख आहे. काकू सांगतील ती माझी उपसूचना.’’

‘‘ठरावात पहिलेच शब्द आहेत, ‘दक्षिण आफ्रिकेत’,’’ पद्मिनी म्हणाली. ‘‘त्यांच्यापुढे दोनच शब्द घाला. ‘व पार्सिपनीत’.’’

मागे बायकांत खसखस पिकली, आणि पुढे पुरुषांत कालवा. एक म्हणाला, तारेत पार्सिपनी घातलं तर ओटावावाले आपल्याला वेड्यात काढतील. दुसरा म्हणाला, तारेत शब्दाला पैसे पडतात. तेवढ्यात एकनाथराव म्हणून एक वयस्कर गृहस्थ मुलाकडे आले होते ते उठले. त्यांना पाहुणे असूनही पांढरं कार्ड होतं, कारण काका होते. ‘‘मुळात ‘माणूस’ म्हणजे कोण ते ठरवा,’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या गावाकडे बाई ‘माझा माणूस’ म्हणते ती नवऱ्याला. तेव्हा एक माणूस एक मत हे तत्त्व इथे पूर्वीपासून चालूच आहे.’’

‘‘काका, ‘बाईमाणूस’ असाही शब्द आहे,’’ कांचन दामले मागून ओरडली. अध्यक्षांची बायको! ‘‘म्हणजे निम्मं तरी माणूस धरा. निम्मं मत द्या!’’ बायकांनी टाळ्या पिटल्या. दामल्यांनी हातोडा आपटला आणि तो दांड्यातून निसटून चिवड्याच्या ताटात पडला.

अखेर मतदान घ्यावंच लागलं. अर्थात प्रत्येक कुटुंबाचं एक, प्रमुखाचं. बायकांना मत असावं की नाही यावर बायका सोडून सगळ्यांनी मत द्यायचं. पण गंमत अशी झाली, की पुढच्या खुर्च्यांवरचे पुरुष एकेक करून मागे वळून बघायला लागले. मागे बायका हाताची घडी घालून उभ्या होत्या. कुणाची नजर रात्रीच्या जेवणाबद्दल बोलत होती, कुणाची पुढच्या महिनाभराच्या. विष्णूचा हात वर होताच. आणखी एक वर गेला, मग आणखी चार. दामले मोजायला लागले आणि मोजता मोजता त्यांना घाम फुटला. अनुकूल आणि प्रतिकूल, दोन्हीकडे सारखेच हात. एकच कुटुंब राहिलं होतं.

‘‘टिपणीस कुटुंब?’’

पद्मिनीनं हात वर केला. ‘‘वहिनी, प्रमुखांचा,’’ दामले म्हणाले.

सगळ्यांच्या माना श्रीरंगकडे वळल्या. तो हळूहळू उभा राहिला. त्यानं मागे पाहिलं. पद्मिनीचा हात अजून वर होता. तिनं तो खाली घेतला नव्हता आणि घेणार नव्हती. तिच्यामागे भिंतीशी सुचित्रा उभी होती, ती मात्र जमिनीकडे पाहत होती. त्या क्षणी, खरं सांगायचं तर, पद्मिनीनं त्याला टेबलाचं सगळं माफ करून टाकलं होतं. फक्त हात वर कर. एवढा एकदा कर बाबा, मी जन्मभर तुझी ताटं उचलीन, असं ती मनातल्या मनात म्हणाली. मनातसुद्धा तिनं त्याला अरेतुरे यापूर्वी कधी केलं नव्हतं.

‘‘अध्यक्षमहाराज,’’ श्रीरंग म्हणाला, ‘‘तत्त्वतः माझा या भूमिकेला संपूर्ण पाठिंबा आहे. मात्र असे बदल लादून होत नाहीत. वेळ यावी लागते. दोन्ही बाजूंमध्ये आधी एक...’’ तो शब्द शोधत होता आणि तो नेमका त्याला सापडला, ‘‘एक विधायक संवाद व्हावा. तोपर्यंत मी तटस्थ राहतो.’’

तो बसला. मतं समसमान, म्हणजे उपसूचना नामंजूर, पुस्तकात तसं होतं. कांचन मोठ्यानं म्हणाली, ‘‘शी!’’ आणि स्वयंपाकघरात निघून गेली. मूळ ठराव मग विनाचर्चा मंजूर झाला. फोटो काढले. पद्मिनीनं मागे वळून पाहिलं तेव्हा भिंतीशी कोणी नव्हतं. ती कोटाशिवाय पार्किंग लॉटमध्ये धावली, तोवर सुचित्राची गाडी रस्त्याला लागली होती.

घरी जाताना गाडीत श्रीरंग न राहवून म्हणाला, ‘‘काही म्हण, ठराव मात्र एकमतानं पास झाला.’’

‘‘आमचाही एकाच मतानं पडला,’’ पद्मिनी खिडकीबाहेर बघत म्हणाली.

‘‘तू फार पर्सनली घेतेस. हे बघ, प्रत्येकाला वेगळं मत दिलं असतं, आणि उद्या आपल्या घरात दोन मतं झाली असती तर?’’

‘‘दोन आहेतच. तुम्ही एकच मोजता.’’

डिसेंबरात बर्फ पडायच्या आधी सुचित्रा गेली. पद्मिनीनं तिची भांडी वर्तमानपत्रात गुंडाळली, संजीवचे कपडे कुणाला द्यायचे ते दोघींनी मिळून ठरवलं, आणि भाड्याच्या ट्रकमागे सुचित्राची गाडी निघाली तेव्हा दोघी रस्त्यातच गळ्यात पडून रडल्या. श्रीरंगही आला होता. त्यानं मुलींना कॅनडाचा नकाशा भेट दिला आणि तिथली आरोग्यसेवा किती उत्तम आहे ते समजावून सांगितलं. पद्मिनीला तेव्हा वाटलं, हा नकाशा याच्याच डोक्यात घालावा. पण मुली होत्या समोर.

जानेवारीत तो अध्यक्ष झाला. बिनविरोध. त्याच महिन्यात पत्रिका आली. पद्मिनी हल्ली त्याचं सदर वाचत नसे, पण ओट्यावर पडलेली होती म्हणून उघडली, आणि उभ्या उभ्या वाचून तिनं टोरांटोला फोन लावला.

‘‘ऐक,’’ ती म्हणाली आणि वाचायला लागली. ‘‘‘पार्सिपनीतल्या आमच्या एका भगिनीवर गेल्या वर्षी वैधव्याचा घाला पडला. अमेरिकेसारख्या स्वार्थी समाजात एकट्या स्त्रीला स्थान कुठून मिळणार? पण कॅनडानं तिला आणि तिच्या कन्यांना सन्मानानं सामावून घेतलं. दारातून परत पाठवलं नाही, पाहुणी म्हणून हिणवलं नाही. अमेरिकेनं यातून धडा घ्यावा.’’’

पलीकडे सुचित्रा हसायला लागली. खूप दिवसांनी हसली, खोकला येईपर्यंत.

‘‘पद्मिनी, तुला सांगितलं नाही का मी? इथल्या मंडळात गेल्या रविवारी भाऊ घेऊन गेला. इथेही एका कुटुंबाला एकच मत आहे. मला त्याच्या कुटुंबात घातलंय. त्याच्या बायकोच्या खाली, ‘इतर आश्रित’ मध्ये.’’

आता पद्मिनीही हसायला लागली. दोघी फोनवर हसत राहिल्या, आणि हसता हसता पद्मिनीचा कधी हुंदका फुटला तिला कळलं नाही. सुचित्रा ‘‘अगं, अगं,’’ म्हणत राहिली, पण शेकडो मैलांवरून डोळे थोडेच पुसता येतात. फोन ठेवून पद्मिनी ओट्याला टेकून उभी राहिली. मांडी घालून बसायला, चहा करायला, गाडीत बसून उगाच भटकायला आता या गावात कोणी नव्हतं.

श्रीरंग हॉलमधून आत आला. त्यानं उघडी पत्रिका पाहिली, तिचे लाल डोळे पाहिले, आणि त्याचा चेहरा उजळला.

‘‘सुचित्राला वाचून दाखवलास ना? काय म्हणाली? आणि तू तर रडलीसच की!’’ तो खुर्ची ओढून बसला. ‘‘लिहितानाच मला वाटलं होतं, हा लेख काळजाला भिडणार.’’

पद्मिनीनं पदरानं डोळे पुसले. ‘‘लेखानं नाही रडले,’’ ती म्हणाली. ‘‘माझी एकच मैत्रीण होती, श्रीरंग. तिला अमेरिकेनं नाही घालवली. तू घालवलीस.’’

बारा वर्षांत तिनं त्याला अशी कधी हाक मारली नव्हती. श्रीरंगचा हात चष्म्याकडे गेला. काहीतरी बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, पण या विषयावर कॅनडाची भूमिका काय आहे ते त्याला आठवेना.